गंटर्सव्हिलच्या पाण्यावर सहा दिवस: उन्हाळ्यातील बास आणि आमिषाची निवड

पहिला दिवस

दुपारी तीनच्या सुमारास स्कॉट्सबरोजवळ गूज पाँडच्या उतारावरून बोट पाण्यात सोडली, तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान ८६ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ३० अंश सेल्सिअस होते. जूनचा तिसरा आठवडा, वारा जवळजवळ नाही आणि डोक्यावर अमेरिकेतल्या अलाबामा राज्याचे ऊन. लार्जमाउथ बास, म्हणजे गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा, गरवण्यासाठी अनेक जण हा काळ टाळतात आणि वसंतातले विणीचे दिवस पसंत करतात, कारण तेव्हा मासा उथळ पाण्यात, काठाच्या अगदी जवळ सापडतो. मला मात्र उन्हाळाच बघायचा होता. त्या दिवसांत मासा कुठे असेल हे नीट विचार करून ठरवावे लागते, आणि ते एकदा बरोबर ठरले की आमिषाच्या डब्यातला बराचसा गोंधळ आपोआप मिटतो, असे माझा थोरला भाऊ गेली कित्येक वर्षे मला सांगत आला आहे.

गंटर्सव्हिलचा हा जलाशय टेनेसी नदीवरचा आहे. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी, म्हणजे टीव्हीए या धरणे आणि वीज सांभाळणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, १९३५ ते १९३९ या काळात गंटर्सव्हिल धरण बांधले आणि त्यामागे वर निकाजॅक धरणापर्यंत सुमारे ७५ मैल लांबीचे पाणी तुंबले. क्षेत्रफळ सुमारे ६९,००० एकर असून अलाबामातले हे सर्वांत मोठे सरोवर आहे. नदीतून मालवाहू तराफे चालत असल्यामुळे पाण्याची पातळी वर्षभरात फार तर दोन फुटांनी खाली-वर होते. स्थिर पातळी आणि पसरट उथळ भाग यांमुळे इथे पाणगवत अमाप माजते, आणि बासच्या दृष्टीने हीच या पाण्याची श्रीमंती आहे.

सात दिवसांचे परवाने आम्ही आधीच काढले होते. बोट धक्क्याला बांधल्यावर मी आमिषांचा डबा उघडू लागलो, तर दादाने हात धरला. "आधी पाणी बघ, डबा मग उघड," असे म्हणून त्याने दोन गोष्टी पुढ्यात ठेवल्या. एक जलाशयाच्या तळाचा नकाशा आणि दुसरे टीव्हीएने प्रसिद्ध केलेले दुसऱ्या दिवशीच्या विसर्गाचे वेळापत्रक. मासे धरायला आलेल्या माणसाने वीजनिर्मितीचे वेळापत्रक का वाचावे, याचे उत्तर मला तिसऱ्या दिवशी मिळाले. त्या संध्याकाळी आम्ही गळ टाकला नाही. केवळ सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी तळ आणि मासे दाखवणारे यंत्र, चालू ठेवून जुन्या नदीपात्राच्या कडेने दोन तास हळूहळू फिरलो आणि जिथे तळावर कठीण जागा दिसली, तिथे खुणा केल्या.

फिरताना दादाने जे समजावले ते थोडक्यात असे. बास हा थंड रक्ताचा मासा आहे, त्यामुळे पाणी तापले की त्याचे पचन वेगाने होते आणि त्याला वरचेवर खावे लागते. पण २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम ७.५. म्हणजे भूक वाढलेली आणि दम कमी झालेला, अशा अवस्थेतला हा मासा असतो. तो लांबवर पाठलाग करत नाही. सावली, प्राणवायू आणि आयते समोर येणारे खाद्य या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे तो थांबतो आणि थोडा वेळ जोरात खाऊन पुन्हा स्वस्थ होतो. या जलाशयात अशा जागा मुख्यतः दोन आहेत, गवत आणि जुन्या नदीपात्राचा कडा. विणीनंतर काही मासे पहिल्या जागी राहतात आणि उरलेले दुसऱ्या जागी जातात.

दुसरा दिवस

फटफटण्याआधीच नॉर्थ सॉटीच्या खाडीत पोहोचलो. या खाडीत हायड्रिला नावाच्या पाणगवताचे पट्टेच्या पट्टे आहेत. शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगासाठी उलट्या नरसाळ्याखाली जी वनस्पती ठेवतात, तीच ही. तिच्या देठांवरून बुडबुडे वर चढताना आपण पाहिलेले असतात, आणि त्या बुडबुड्यांतच इथल्या सकाळ-दुपारच्या डावपेचाचे मर्म आहे. दिवसा गवत प्राणवायू सोडते, पण रात्रभर तेही श्वसन करत असल्याने तो वापरते. त्यामुळे पहाटे दाट गवताच्या पोटात प्राणवायू सर्वांत कमी असतो, आणि बास बाहेरच्या कडेला किंवा गवतातल्या मोकळ्या वाटांवर आलेला असतो. ऊन चढले की तो पुन्हा आत, सावलीत शिरतो.

म्हणून पहाटेचे आमिष पृष्ठभागावर चालणारे आणि कडेने ओढायचे. मी चालत्या चालीचे लांबट आमिष घेतले, ज्याला रॉडच्या टोकाने लयीत लहान लहान हिसके दिले की ते डावीकडे-उजवीकडे वळत पाणी कापत येते. हिसक्यानंतर दोर क्षणभर सैल सोडला नाही, तर ते वळत नाही, सरळ ओढले जाते. आणखी एक बारीक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. फ्लोरोकार्बनची तंगूस पाण्यात बुडते आणि तरंगत्या आमिषाचे नाक खाली ओढते, म्हणून वरच्या आमिषाला नायलॉनची तंगूस किंवा तरंगणारा ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेला, दोर लावावा. पहिल्या तासात दोन मासे मिळाले, दोन्ही साधारण दोन पौंडांचे. सूर्य झाडांच्या वर आला आणि ते आमिष घेणे मासळीने जणू कुणी दिवा मालवावा तसे बंद केले.

यानंतरचे तीन तास बेडकाचे होते. पोकळ रबरी बेडकाचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो गवताच्या चटईवरून न अडकता सरकतो. गवत जिथे पृष्ठभागावर येऊन गादीसारखे पसरले होते, तिथे कान देऊन ऐकले की खालून चट् चट् असे बारीक आवाज येत होते. लहान ब्लूगिल मासे गवताच्या खालच्या बाजूचे किडे टिपताना तो आवाज होतो. दादाचे म्हणणे असे, की आवाज नसलेल्या चटईवर अर्धा तास घालवण्यापेक्षा आवाज असलेल्या चटईवर पाच फेकी कराव्यात, कारण ब्लूगिल जिथे जेवतो तिथे बास त्याच्या खाली उभा असतो.

पहिल्याच चांगल्या जागी पाणी फुटले, बेडूक दिसेनासा झाला आणि मी त्याच क्षणी जोरात हिसका दिला. बेडूक मोकळाच हवेत उडून आला. दुसऱ्यांदाही तेच झाले. गवतातून वर येणाऱ्या माशाला आमिष नीट दिसत नाही. तो अंदाजाने झडप घालतो, पुष्कळदा गवतासकट बेडूक तोंडात घेतो आणि मग खाली वळतो. डोळ्यांना दिसलेल्या फवाऱ्यावर हिसका दिला, तर गळ तोंडात पोहोचण्याआधीच आमिष निसटते. दोर ताणला जाऊन माशाचे वजन हाताला लागेपर्यंत थांबायचे आणि मगच पूर्ण ताकदीने ओढायचे. हे ऐकायला सोपे वाटते, पण पाण्याचा तो स्फोट पाहून हात आवरणे फार कठीण जाते. मी तिसऱ्या वेळी मनात "एक, दोन" मोजले, आणि तीन पौंडांचा मासा गवताच्या भाऱ्यासकट बोटीत आला. बेडकाचे रबरी पाय आम्ही इंचभर कापून आखूड केले होते आणि गळांची टोके अगदी किंचित बाहेर वाकवली होती. दोर ६५ पौंड ताण सोसणारा, विणलेला होता. त्याहून बारीक दोर या गवतात तुटलाच असता.

दुपारी गवताच्या चटईतून सरळ खाली आमिष सोडण्याचा प्रयोग केला. दीड औंसाचे टंगस्टनचे वजन, त्याखाली जाड तारेचा एकच गळ आणि त्यावर बोटाएवढे रबरी चिंगाटीसारखे आमिष, इतकाच सरंजाम. टंगस्टन शिशापेक्षा बरेच घन असल्यामुळे तेवढ्याच वजनाचा गोळा लहान होतो आणि गवतात सहज शिरतो. आमिष जाणूनबुजून सुटसुटीत, कारण लांब हातपाय असलेले रबर चटईवरच अडकून बसते. ते तळाला टेकले की दोनदा हलवायचे, मासा नसला तर वर काढून चार फुटांवर पुन्हा सोडायचे. काम अंगमेहनतीचे आहे. दोन तासांत दोनच मासे मिळाले, पण बाहेरच्या उघड्या पाण्यात त्याच वेळी एकही हालचाल नव्हती.

तिसरा दिवस

हा दिवस मी विसरणार नाही. वेळापत्रकात वरच्या निकाजॅक धरणातून आणि खालच्या गंटर्सव्हिल धरणातून दुपारनंतर विसर्ग वाढणार असल्याचे दिसत होते. उन्हाळ्यात दुपारी घराघरांतली वातानुकूलन यंत्रे चालू होतात, विजेची मागणी चढते, धरणांच्या जनित्रांतून पाणी सोडले जाते आणि इतका वेळ तळ्यासारखे निवांत पडलेले पाणी पुन्हा नदीसारखे वाहू लागते. कड्यावरच्या बासचे जेवणाचे घड्याळ या प्रवाहावर चालते.

सकाळी आठ वाजता आम्ही पहिल्या संध्याकाळी खूण केलेल्या जागी गेलो. जुन्या नदीपात्राचा कडा तिथे १४ फुटांवरून एकदम २६ फुटांपर्यंत उतरतो आणि कड्याच्या माथ्यावर शिंपल्यांचा थर आहे. सोनारवर मासे दिसत होते, पण ते तळापासून वर, विखुरलेले आणि स्वस्थ होते. मी तीन तास सहा प्रकारची आमिषे टाकली आणि एकाही माशाने त्यांना तोंड लावले नाही. एरवी अशा वेळी मी रंग बदलत बसलो असतो. दादा मात्र शांतपणे सावलीत बसून राहिला. आमिषाची चूक नाही, पाणी अजून चालू झालेले नाही, एवढेच तो म्हणाला.

जवळच नौकामार्ग दाखवणारा हिरवा बोया होता. सकाळभर तो सरळ उभा होता. दीडच्या सुमारास तो किंचित कलला. थोड्या वेळाने त्याच्या खालच्या अंगाला पाण्याची इंग्रजी व्ही अक्षरासारखी रेघ उमटली, मग त्या रेघेत फेसाचे ठिपके दिसू लागले आणि पृष्ठभागावरची वाळलेली पाने एका दिशेने निघाली. सोनारवर पाहिले, तर विखुरलेले मासे खाली उतरून शिंपल्यांच्या थरालगत एका ओळीत आले होते. प्रवाह लहान शॅड माशांना कड्यावरून वाहून आणतो, आणि बास कड्याच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो.

आता आमिष निवडणे फार सोपे झाले. मासा १४ फुटांवर तळाशी आहे, शॅड खातो आहे आणि प्रवाहाकडे तोंड करून उभा आहे. म्हणजे त्या खोलीपर्यंत बुडणारे, शॅडच्या आकाराचे आणि प्रवाहाच्या दिशेने येणारे आमिष हवे. आम्ही लांब जिभेचे खोल बुडणारे क्रँकबेट लावले, म्हणजे माशाच्या आकाराचे कठीण आमिष, ज्याच्या तोंडाशी असलेली पट्टी, म्हणजे जीभ, ओढताना त्याला खाली नेते. त्याला खोली गाठायला अंतर लागते, म्हणून माशाच्या बरेच पलीकडे, प्रवाहाच्या वरच्या बाजूला फेकावे लागते, म्हणजे माशासमोरून जाताना ते पुरेसे खोल गेलेले असते. तंगूस जाड असेल तर पाणी तिला अडवते आणि आमिष वर राहते, म्हणून १२ पौंडांची फ्लोरोकार्बन तंगूस लावली.

हाताला जे जाणवते ते शब्दांत सांगायचा प्रयत्न करतो. आधी आमिषाची एकसारखी थरथर असते. मग जीभ चिखलात लागते, तेव्हा थरथर मऊ आणि जड होते. शिंपल्यांवर आले की रॉडमधून खडखड अशी कोरडी, तुटक धडधड येते. त्या खडखडीत आमिष एखाद्या शिंपल्यावर आपटून तिरके उसळते आणि नेमके त्याच क्षणी मासा घेतो. पहिला मासा असाच लागला. थरथर एकदम थांबली, जणू आमिष ओल्या पोत्यात अडकले, आणि मग ते पोते खोल पाण्याकडे चालू लागले.

तो २१ इंचांचा आणि साडेपाच पौंडांचा होता. जबड्याचे टोक डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेले, अंगावरचा गडद पट्टा खोल पाण्यात राहिल्यामुळे फिकट झालेला, आणि शेपटीवर विणीच्या वेळी तळ साफ करताना झालेली झीज भरून आलेली. हातात असताना त्याने अर्धवट पचलेला एक शॅड ओकला. मी तो मोजला. तीन इंचांपेक्षा थोडा कमी, पाठ राखाडी, कूस चांदीसारखी. आमच्या क्रँकबेटचा रंग ठीक होता, पण अंगाने ते जरा मोठे होते. त्याहून किंचित लहान लावल्यावर पुढच्या आठ फेकींत पाच मासे आले. एक मासा लढू लागला की थव्यातले इतरही चेकाळतात, त्यामुळे पहिला मासा लागल्यावर वेळ न दवडता पुन्हा त्याच रेषेत फेकावे.

चाळीस मिनिटांनी थवा थंडावला. तेव्हा दादाने दहा इंची रबरी अळी काढली. निक क्रीम यांनी १९४९ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन इथे मऊ प्लास्टिकची अळी बनवली, तेव्हापासून या आमिषात मुळातला बदल फारसा झालेला नाही, आणि माझ्या मते जगातले सर्वांत भरवशाचे बासचे आमिष आजही हेच आहे. पाऊण औंसाचे वजन पुढे ठेवून गळाचे टोक अळीच्या अंगातच लपवले आणि ती तळावरून, शिंपल्यांना घासत, अगदी सावकाश ओढली. वेगवान आमिषाला कंटाळलेले आणखी तीन मासे तिने दिले. संध्याकाळी साडेपाचला बोया पुन्हा सरळ होऊ लागला आणि मासळी थांबली.

एका प्रसंगाची मात्र टोचणी राहिली. पाचव्या माशाचे छायाचित्र काढण्यात मी फार वेळ घालवला आणि पाण्यात सोडल्यावर तो कुशीवर कलंडला. गरम पाण्यात लढून दमलेल्या माशाला हवेत धरून ठेवणे म्हणजे धावून आलेल्या माणसाचे नाक दाबण्यासारखे आहे. दादाने बोट थांबवली, माशाला खालच्या जबड्याने आणि पोटाखालून धरून प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात उभे ठेवले. सहा-सात मिनिटांनी त्याने शेपटीचा फटका मारला आणि तो खाली गेला. त्यानंतर प्रत्येक मासा आम्ही पाण्यातच ठेवून गळ काढला आणि लगेच सोडला. या जलाशयात १५ इंचांपेक्षा लहान लार्जमाउथ ठेवता येत नाही, पण आम्ही मोठेही ठेवले नाहीत.

चौथा दिवस

पहाटेपासून विजा कडाडत होत्या. उघड्या पाण्यावर कार्बन तंतूंची उंच रॉड हातात धरून उभे राहणे जिवावर बेतू शकते, म्हणून बोट काढलीच नाही. दिवसभर गळांना धार लावली आणि तंगुशीचे घासलेले टोक कापून नव्याने गाठी मारल्या. शिंपल्यांवरून ओढलेल्या तंगुशीवरून ओठ फिरवला की तिला पडलेल्या खाचा कळतात. माझ्या तंगुशीचे शेवटचे तीन फूट पूर्ण खरखरीत झाले होते.

पाचवा दिवस

पावसानंतर टाउन क्रीकच्या खाडीत पाण्यावर झुकलेल्या झाडांवर मेफ्लाय नावाच्या किड्यांचे थर बसले होते. यांच्या अळ्या तळाच्या चिखलात वाढतात आणि उन्हाळ्यात एकाच वेळी असंख्य किडे पंख फुटून बाहेर पडतात. फांदी हलली की किडे पाण्यावर पडत, ब्लूगिल त्यांच्यावर तुटून पडत, आणि त्या गडबडीत बास ब्लूगिल पकडत. इथे शॅडसारखे चांदीचे आमिष कामाचे नव्हते. तळहाताच्या अर्ध्या आकाराचा, हिरवट-तपकिरी पॉपर, म्हणजे ओढले की पाण्यावर आवाज करणारे तरंगते आमिष, मी फांदीखाली टाकला, वर्तुळे विरेपर्यंत तसाच ठेवला आणि मग एकदाच "टुप्" असा आवाज काढून पुन्हा थांबलो. वाट पाहण्यातच मासे मिळाले, सकाळी साडेनऊपर्यंत चार. भर उन्हातही झाडाच्या सावलीने पृष्ठभागावरची मासळी चालू ठेवली होती, हे मला विशेष वाटले.

दुपारी प्रवाह नव्हता, म्हणून कड्यावर गेलो नाही. खाजगी धक्क्यांच्या फळ्यांखाली, काळोख्या सावलीत, पाच इंची मऊ काडीसारखे रबर मधोमध गळ टोचून सपाट फेकीने घसरवले. ते आडवे, दोन्ही टोके थरथरवत आपल्याच वजनाने खाली जाते आणि त्यात हाताचे काही काम नसते. दोर किंचित बाजूला सरकला तर मासा आहे असे समजायचे. दोन मासे मिळाले, दोन्ही सर्वांत आतल्या खांबाशी. फेक दोन फूट अलीकडे उन्हात पडली, तर एकदाही काही लागले नाही.

सहावा दिवस

निघायचा दिवस. पहाटे तासभर पुन्हा नॉर्थ सॉटीत बेडूक फेकला. एकाच ठिकाणी पाणी फुटले, मी दोर ताणला जाईपर्यंत थांबलो, आणि चार पौंडांची मादी गवतातून सरळ बोटीकडे ओढून आणली. गळ वरच्या टाळूच्या मधोमध रुतला होता. तिला पाण्यातच सोडवले.

अकरा वाजता बोट उताराकडे वळवली. डब्यातली चाळीसेक आमिषे जशी आणली तशी कोरडी परत जात होती. सहा दिवसांत ओली झाली होती ती आठ-नऊ. बोट ट्रेलरवर चढवून पट्टे आवळताना दादाने खांद्यावर हात ठेवून नदीकडे बोट दाखवले. लांबवरचा हिरवा बोया कलू लागला होता. वेळापत्रकाच्या दोन तास आधीच पाणी चालू झाले होते.